वाटीभर रबडी आणि दोन भाकरी

पुण्याहून नगर, जामखेड, पाटोदा करत बीडकडे निघालं की मांजरसुंब्याच्या चौकात रस्ता सोलापूर-धुळे महामार्गाला मिळतो. बालाघाटच्या डोंगरातलं हे ठिकाण. इथून खाली घाट उतरला की बीड. माझ्या लहानपणापासून एसटी, ट्रक, लग्नाची वऱ्हाडं आणि कपिलधारला निघालेले भाविक इथं थांबत आले आहेत. जेवण झालं की काहीतरी गोड मागवायचं, आणि गोड म्हणजे बहुतेक वेळा रबडी. कडेला सायीचे थर लागलेली, खाली दाटसर, वर बदाम-पिस्त्याचे काप. आमच्या घरचं कुणीही ती वाटी टाळून या चौकातून पुढे गेल्याचं मला आठवत नाही.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मी तिथं बसले होते. समोर वाटी होती. रस्त्यावरून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर घाटाच्या वाटेला लागत होते. ट्रॉलीत पत्रे, बांबू, धान्याची पोती, भांडी, मध्येच एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली बायकापोरं. माझ्या वाटीतली साखर याच लोकांच्या कोयत्याखालून गेलेली असणार, हे तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट जाणवलं. त्याच आठवड्यात पुण्यातल्या डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलं होतं आणि त्याच सकाळी आत्या मला म्हणाली होती, "काय गं, वाळून खारीक झालीस." एकाच देहाबद्दल आठवड्यात दोन निकाल. हॉटेलातलं गोड, त्यातल्या कॅलरी आणि वजनाबद्दलची आपली मतं यांचा एकत्र विचार करावा, असं तिथं बसल्या बसल्या ठरलं.

आधी वाटीचा हिशेब. घरी येऊन मी एक लिटर म्हशीचं दूध कढईत आटवायला ठेवलं. डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतर्फे १९७१ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची जी कोष्टकं काढली, ती माझ्याकडे आहेत. त्यांत म्हशीच्या १०० ग्रॅम दुधाला ११७ कॅलरी दिल्या आहेत, गाईच्या दुधाला ६७. म्हणजे माझ्या लिटरभर दुधात साधारण ११७०. त्यात ६० ग्रॅम साखर, तिच्या साधारण २४० कॅलरी. दीड तास साय कडेला लावत ढवळल्यावर कढईत ३९० ग्रॅम रबडी उरली. उडून गेलं ते निव्वळ पाणी. १४१० कॅलरी त्या ३९० ग्रॅममध्ये जशाच्या तशा राहिल्या, म्हणजे १०० ग्रॅमला ३६०. हॉटेलातली वाटी मला दीडशे ग्रॅमच्या आसपास वाटली. तिच्यात ५४० कॅलरी होतात, आणि वरचे बदाम-पिस्ते दहा ग्रॅम धरले तर सहाशे.

हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही. भाकरीशी ताडला की कळतो. ज्वारीच्या पिठाला त्याच कोष्टकांत १०० ग्रॅमला ३४९ कॅलरी आहेत. आमच्याकडची भाकरी ७५ ग्रॅम पिठाची धरली तर एका भाकरीच्या २६० होतात. रबडीची एक वाटी म्हणजे दोन भाकऱ्या. दोन भाकऱ्या खाऊन झाल्यावर "अजून दोन वाढू का" असं कुणी विचारलं, तर आपण हात आडवा धरू. रबडी आली की तोच हात वाटी जवळ ओढतो.

हा आकडा लपतो कसा, याची कारणं पदार्थाच्या घडणीतच आहेत. पहिलं कारण पाणी. काकडी, ताक, पालेभाजी, आमटी यांचं आकारमान मुख्यतः पाण्यामुळे असतं. आपलं बहुतेक दुधाचं गोड मात्र पाणी काढूनच तयार होतं. बासुंदी, रबडी, खवा हा पाणी काढत जाण्याचाच क्रम आहे. चक्का बांधून ठेवतात तोही पाणी निथळावं म्हणून. म्हशीच्या दुधाच्या खव्याला कोष्टकांत १०० ग्रॅमला ४२१ कॅलरी आहेत. दुसरं कारण थंडपणा. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, म्हणून आइस्क्रीम, फालुदा, मस्तानी यांत साखर जास्त घालावी लागते. वितळलेलं आइस्क्रीम चाखून पाहा, किती गोड लागतं. तिसरं, चावावं लागत नाही. भाकरीला दात लागतात आणि वेळ लागतो. रबडी चार-पाच मिनिटांत संपते, पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आधी.

चौथ्या कारणाबद्दल आपल्याकडे बायका पूर्वापार म्हणत आल्या आहेत की गोडाला पोटात वेगळी जागा असते. यात तथ्य आहे. एकाच चवीचं अन्न खात गेलं की त्या चवीची इच्छा मंदावते, पण नवी चव समोर आली की इच्छा पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रयोगांतून हे दाखवलं. तिखट रश्शाने तृप्त झालेला माणूस रबडीपुढे पुन्हा भुकेला होतो. जेवणाच्या शेवटी गोड ठेवायचं, हे हॉटेलवाल्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

मांजरसुंब्याच्या एका वाटीवर सगळा भार टाकणं मात्र अन्यायाचं होईल. पुण्याच्या मस्तानीचा मी घरी हिशेब मांडला. २०० मिलिलिटर म्हशीचं दूध, ३० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम आइस्क्रीम इतकंच धरलं तरी साडेपाचशे होतात. मोठ्या पेल्यात याहून जास्त जातं. गुलाबजाम एकेक दीडशेच्या आसपास, आणि एकटा गुलाबजाम कुणी आणून देत नाही. अमेरिकेत चीजकेक फॅक्टरी नावाची हॉटेलांची साखळी आहे. तिच्या कित्येक चीजकेकांच्या एका तुकड्यात १००० च्या वर कॅलरी असतात, असं त्यांचंच मेनूकार्ड सांगतं. इतकं सगळं एकट्या माणसाच्या बशीत ठेवायला सुरुवात झाली ती हॉटेलात. घरात रबडी सणाला होई आणि कढईभर रबडी बारा माणसांत वाटली जाई. वाढणारीला माणसं दिसत असत, त्यामुळे वाटा आपोआप लहान राही. हॉटेलात कढई दिसत नाही आणि बाकीची माणसंही दिसत नाहीत. पदार्थ तोच राहिला, वाढण्याची रीत बदलली. मला यातली खरी अडचण इथंच दिसते.

या भागात दूध आटवण्याचा धंदा वाढला त्याची पाळंमुळं दुष्काळात आहेत. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून म्हैस हा आधार. पण पूर्वी डोंगरातल्या गावातून दूध शहरात पोचेपर्यंत नासायचं. ते आटवून खवा केला की टिकायचं, डोक्यावरून नेता यायचं. मांजरसुंब्याहून सोलापूरच्या दिशेने चौसाळ्यापुढे गेलं की धाराशिव जिल्ह्यातला कुंथलगिरीचा परिसर लागतो. तिथल्या खव्याला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि रस्त्याकडेला पेढ्यांच्या दुकानांची रांग आहे. कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ च्या सप्टेंबरमध्ये इथंच सल्लेखना घेऊन देह ठेवला. देहाचा मोह सोडण्यासाठी लोक ज्या डोंगरावर जातात, त्याच्या पायथ्याशी खव्याच्या भट्ट्या जळत असतात. पेढा घेताना मला दरवेळी हे आठवतं, आणि त्यात विरोध आहे असं वाटत नाही. भट्टीवर राबणाऱ्या घराला त्या खव्याचेच चार पैसे मिळतात. म्हणून गोड वाईट, खवा वाईट, असं सरसकट बोलणाऱ्यांचं मला पटत नाही.

आता कॅलरीकडे. अन्नातली ऊर्जा मोजण्याची आजची पद्धत विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवली. पिष्ट आणि प्रथिनं यांच्या ग्रॅमला ४, स्निग्धाला ९, हे आकडे तिथून आले. त्या काळी प्रश्न होता तो मजुराला पुरेसं अन्न स्वस्तात कसं मिळेल हा. वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजायच्या, ही कल्पना लोकप्रिय केली लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंच्या १९१८ च्या पुस्तकाने. एकाच मापाचा उपयोग पंचवीस-तीस वर्षांत असा उलटला. मला हा इतिहास फार महत्त्वाचा वाटतो, कारण मांजरसुंब्याच्या चौकात या मापाचे दोन्ही उपयोग आजही शेजारी शेजारी उभे असतात.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी पाहा. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी, जड काम करणाऱ्याला ३४७०. बाईला अनुक्रमे १६६० आणि २७२०. पुण्याहून पाच-सहा तास गाडीत बसून आलेली मी पहिल्या रांगेतली. माझ्या दिवसाचा एक तृतीयांश त्या एका वाटीत गेला, आणि तोही दुपारचं जेवण झाल्यावर. ट्रॉलीवर बसलेली बाई दुसऱ्या रांगेतली. पहाटे अंधारात उठून उसाच्या फडात जाणार, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणार, रात्री कोपीवर येऊन चूल पेटवणार. तिला हजार कॅलरी माझ्याहून जास्त हव्यात, म्हणजे रबडीच्या जवळजवळ दोन वाट्या. ती वाटी मात्र माझ्यापुढे होती. ही वाटी जास्त कॅलरीची आहे की नाही, याचं उत्तर ती कुणापुढे ठेवली यावर ठरतं.

हा हिशेब करताना मी एक चूक केली. ५४० कॅलरी जिरवायला किती चालावं लागेल, तेही काढलं. दहा-अकरा किलोमीटर आले, म्हणजे मांजरसुंब्याहून बीडच्या जवळपास निम्म्या वाटेपर्यंत. मग पुढचे काही दिवस प्रत्येक घासामागे रस्ता दिसायला लागला. जेवणाची शिक्षा झाली. असे तक्ते आता सगळीकडे फिरतात आणि ते ज्ञानाच्या नावाखाली माणसाला अन्नापासून तोडतात. ते कुणी वापरू नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

वजनाबद्दल आमच्याकडे कसं बोलतात, तेही सांगायला हवं. आत्या १९७२ च्या दुष्काळात बारा वर्षांची होती. आईबरोबर खडी फोडायला जायची. सुकडी खाल्ली, मिलोची लाल भाकरी खाल्ली. त्या वर्षी वाळलेली माणसं तिने पाहिली आहेत. तिच्या शब्दकोशात अंग धरणं म्हणजे बरं होणं, भरलेलं अंग म्हणजे सुख, खात्यापित्या घरचं दिसणं म्हणजे इज्जत. सासरहून आलेली लेक वाळलेली दिसली तर तिला तिथं त्रास आहे, हे आई न विचारता ओळखते. "तब्येत सुधारली" याचा अर्थ आमच्याकडे वजन वाढलं असा होतो. हे अडाणीपण मुळीच नाही. ज्या मुलखात भूक दर काही वर्षांनी दारात येते, तिथं अंगावरचं मांस हीच शिल्लक असते. आग्रह करून वाढणं हे तिथलं प्रेम आहे, आणि पान रिकामं पाहून कासावीस होणाऱ्या पिढीला आपण कॅलरीचा पाढा ऐकवू नये.

पुण्यात हेच सगळं उलटं. लग्नाच्या जाहिरातीत "सडपातळ" हा शब्द शिक्षणाच्या आधी येतो. शाळेत जाड मुलाला नाव पडतं आणि ते त्याला दहावीपर्यंत चिकटतं. दवाखान्यात गुडघा दाखवायला गेलेल्या बाईला गुडघा बघण्याआधी वजनावरून ऐकावं लागतं. मला स्वतःला एक डॉक्टर वजनकाट्यावर उभं करून बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले होते. पुढे वर्षभर मी कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही. लाजेने माणूस बारीक होत नाही, तो लपतो. २०२० मध्ये कितीतरी देशांतल्या तज्ज्ञ संघटनांनी मिळून स्थूल माणसांच्या अवहेलनेविरुद्ध एक निवेदन काढलं. या अवहेलनेनेच प्रकृती बिघडते आणि उपचार लांबतात, हा त्याचा गाभा होता.

दोन्ही टोकांची जाण आपल्या परंपरेत होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोघांबद्दल बोलतो, दोघांनाही चिकित्सेचा विषय मानतो. मधल्या काळात आपण गावात एक टोक धरलं आणि शहरात दुसरं.

ही दोन्ही टोकं चुकीची ठरवणारं काम महाराष्ट्रातच झालं आहे, आणि त्याची चर्चा घराघरांत व्हायला हवी होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. उंचीच्या मानाने वजन मोजणारा हा आकडा मूळ एकोणिसाव्या शतकातल्या केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचा, आणि त्याला आजचं नाव मिळालं १९७२ मध्ये. त्या मापाने दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी. डोळ्यांनी पाहून "वाळलास" किंवा "सुटलास" म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे उत्तर आहे. भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर धरावी आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असं इथले तज्ज्ञ म्हणतात, ते याच कारणाने. काट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरं सांगते.

याची सुरुवात पोटातच होते. याज्ञिकांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हातापायांनी, स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. जन्मतःच बारीक आणि आतून चरबीकडे झुकलेलं हे शरीर पुढे शहरात येतं, बसून काम करतं आणि जेवणानंतर वाटीभर रबडी खातं. भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये मांडला. त्यांतले कितीतरी जण दिसायला जाड नाहीत.

याच अभ्यासातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. त्या सहा खेड्यांतल्या आयांनी एकूण किती कॅलरी खाल्ल्या, याचा बाळाच्या वजनाशी फारसा मेळ दिसला नाही. मेळ दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी. आता आमच्या डोंगराकडे पाहा. म्हैस दारात असते. धार निघते. ते दूध पहाटेच खव्याच्या भट्टीवर किंवा संकलन केंद्रावर जातं, कारण घराला रोख पैसा लागतो. गरोदर सुनेच्या वाट्याला काळा चहा येतो आणि तेच दूध आटून साखरेसह माझ्यापुढे वाटीत येतं, मला त्याची बिलकूल गरज नसताना. लिटरभर दूध माझ्यासारख्या अडीच माणसांच्या रबडीत संपतं. तेच लिटर एका गरोदर बाईला पाच दिवस रोज पेलाभर पुरलं असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९ ते २१ चे आकडे या दोन वाटांची साक्ष देतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २०.८ टक्के प्रमाणापेक्षा हडकुळ्या आणि २३.४ टक्के प्रमाणापेक्षा जाड. जवळजवळ सारख्या दोन फौजा, एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात.

मग हॉटेलात आकडा लिहावा का? भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० मध्ये झाला आणि त्याची अंमलबजावणी २०२२ पासून सुरू झाली. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहायच्या. महामार्गावरचं एखादं हॉटेल यात येतच नाही. न्यूयॉर्कने हे २००८ मध्ये सुरू केलं, सगळ्या अमेरिकेत २०१८ पासून लागू झालं, इंग्लंडमध्ये २०२२ पासून. परिणाम मात्र छोटा आहे. कोक्रेन संस्थेने २०२५ च्या जानेवारीत सगळे चांगले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सहाशे कॅलरींच्या जेवणात अकरा कॅलरी कमी झाल्याचं दिसलं. इंग्लंडमध्ये तर खाण्याच्या विकारांनी ग्रासलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने या नियमाला विरोध केला, कारण आजारी मनाला हे आकडे छळतात. माझ्या त्या चालण्याच्या हिशेबानंतर मला त्यांचं म्हणणं कळतं. दुसऱ्या बाजूला, आकडा लिहावा लागला की नवा पदार्थ आणताना साखळ्या स्वतःच हात आखडता घेतात, असं अमेरिकेत आढळलं आहे. गिऱ्हाइकापेक्षा आचाऱ्यावर त्याचा परिणाम जास्त होतो.

२०२५ च्या जुलैत आपल्याकडे समोसा-जिलेबीवर इशारा छापणार, अशी आवई उठली. नागपूरच्या एम्सपासून ती सुरू झाली. कार्यालयांत तेल आणि साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावा, एवढीच सूचना होती आणि फेरीवाल्यांच्या मालावर इशारा नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या आठवड्यात लोक जिलेबीच्या बाजूने जितक्या तळमळीने बोलले, तेवढं ती कुणाच्या ताटात किती असावी यावर बोलले असते तर बरं झालं असतं.

वजन उतरवण्याच्या वाटांबद्दल थोडक्यात सांगते. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत घराघरांत पोचलं ते लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं दोन वेळा जेवायचं सूत्र. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून ते आलं. दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत, अधेमध्ये काही नाही. कॅलरी मोजायची गरज नाही आणि पैसा लागत नाही, म्हणून ते पसरलं. दिवसभर गोड चहा पिणाऱ्या आपल्या लोकांचा चहा त्यामुळे सुटला, हे मी नात्यात पाहिलं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात पडू नये. याच्या उलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळेवर, तुपासकट घरचं खा म्हणतात. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही भूक मंदावणारी इंजेक्शनं भारतात आली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ज्यांना खरी गरज आहे, त्यांना ती घेताना लाज वाटू नये.

मांजरसुंब्यासारख्या ठिकाणी मला हवंय ते यातल्या कशाहूनही साधं आहे. पाटीवर दरासोबत वाटीचं वजन लिहावं: दीडशे ग्रॅम इतके रुपये, पंचाहत्तर ग्रॅम इतके. दुधाच्या दुकानात अर्धा लिटर मिळतं, सोनाराकडे गुंजेचा हिशेब होतो, मग रबडीची अर्धी वाटी का नसावी? त्या संध्याकाळी मी अर्धी मागितली होती. वाढणारा मुलगा नम्रपणे म्हणाला, "ताई, अर्धीचा रेट नाही." शेवटी पूर्ण वाटी आणि दोन चमचे आले. सोबत आत्या होती, म्हणून वाटली गेली. एकट्या माणसाने काय करावं? रेट ठरवायला कायदा लागत नाही.

आत्याच्या दारात सध्या एक म्हैस दुभती आहे. दूध न्यायला मोटारसायकलवाला सकाळी सहाला येतो. पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांतल्या आयांचं आणि बाळांचं मी तिला सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, चुलीतलं लाकूड पुढे सरकवत राहिली. तिची नातसून पाचव्या महिन्यात आहे. परवा पहाटे मी उठले तेव्हा धार काढून झाली होती. किटलीला अजून झाकण लावलं नव्हतं. आत्याने त्यातून एक पितळी पेला भरून घेतला, चुलीच्या कडेला गरम करत ठेवला, आणि मग किटली दारात नेऊन ठेवली.